बोटभर अलीकडे

दयानंद मास्टरांचा राग नाकावर नव्हता, जिभेच्या शेंड्यावर होता. समोर कोण आहे, वेळ कुठली आहे, असलं काही तो बघत नसे. रिक्षावाला उलट्या बाजूने आला की मास्टर भर रस्त्यात त्याला उतरवून शिस्त शिकवायचे. भाजीवालीने कालचा पालक आजचा म्हणून दिला की ती जुडी गल्लीतल्या चार दारांपुढे नाचवून आणायचे. बनशंकरी सेकंड स्टेज ह्या त्यांच्या वस्तीत त्यांच्या तोंडाला लागायला लोक भीत नसत, कंटाळत. "सरी मास्टर, सरी", म्हणजे 'बरं, बरं', म्हणायचं आणि पुढे सटकायचं, एवढाच सगळ्यांचा उपाय.

त्यांचे वडील निपाणीकडून इकडे कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड. मास्टर मात्र भांडायला लागले की दोन्ही भाषा एकदम. बस डेपोच्या स्टोअरमध्ये नोकरी करून ते आता निवृत्त झाले होते, पण नोकरीचं त्यांना कोणी विचारलेलं आवडत नसे. "कराटे शिकवतो," एवढंच ते सांगायचे. कल्याण मंटपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, पत्र्याच्या छपराखाली, सकाळी त्यांचा क्लास भरायचा. शिवाजीनगरातल्या एका वर्कशॉपच्या माळ्यावर तरुणपणी ते ज्यांच्याकडे शिकले, त्या गुरूंनी त्यांना एकच गोष्ट हाडात भिनवली होती. ठोसा पूर्ण ताकदीने मारायचा, आणि समोरच्याच्या नाकाच्या बोटभर अलीकडे थांबवायचा.

"मारतं काय, कुणीही मारतं," मास्टर पोरांना सांगायचे. "दारू प्यालेला पण मारतो. थांबवून दाखव, मग तुला माणूस म्हणतो."

त्याची परीक्षाही तशीच. पोराने हात खाली सोडून, डोळे उघडे ठेवून उभं राहायचं. मास्टर सगळं अंग झोकून ठोसा मारणार. पोराच्या नाकाला वारा लागायचा, हात लागायचा नाही. पापणी लवली तर नापास. इतकी वर्षं ही परीक्षा चालली, पण मास्टरांची मूठ कुणाच्या नाकाला चुकूनसुद्धा लागली नाही. ह्या गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो असावा अशीच ती गोष्ट होती.

सगळ्यांत पापणी न लवणारा पोरगा म्हणजे मंजुनाथ. खानापूरकडचा. त्याची आई एका मेसमध्ये चपात्या लाटायची. मंजू क्लास सुटला की मास्टरांच्या मागेमागे घरी यायचा आणि वीणाबाईंच्या स्वयंपाकघरात ताट पुढ्यात ओढून बसायचा. मास्टरांना मूलबाळ नव्हतं. त्यावर नवराबायको कधी काही बोलले नाहीत, पण वीणाबाई भाकरी मोजताना मंजूची धरूनच मोजायच्या. हाच पोरगा आपल्यानंतर गच्ची सांभाळणार, हे मास्टरांनी मनाशी पक्कं केलं होतं. पोराला मात्र विचारलं नव्हतं.

मंजू विशीत आला आणि सिनेमात फायटर म्हणून गेला. हिरोच्या हातचा मार खायचा, काचेतून पडायचं, रोजच्या रोज हातात काहीतरी पडायचं, असलं काम. मास्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोंडाला रंग फासून मार खाणार? माझा पोरगा?" ते ओरडले. "मग ह्या गच्चीवर परत पाय ठेवायचा नाही."

आता ह्यावर कुणीही शहाण्या पोराने दोन दिवस थांबून पाया पडावं की नाही? पण मंजूही त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने पाय ठेवला नाही. वर्षांमागून वर्षं गेली. तो वीणाबाईंना फोन करायचा, मास्टर अंघोळीला गेलेले असताना. मास्टरांना ते माहीत होतं. म्हणून त्यांची अंघोळ अलीकडे फार लांबायची.

आणि मग तो सिनेमा आला. त्याचं नाव इथे नको. त्या हिरोचे चाहते कसे आहेत ते पुढे कळेलच. सगळ्या शहराच्या भिंतींवर एकच चित्र: पांढरं धोतर, काळा कोट, हिरोच्या मुठीतून रक्ताचा एक थेंब मोगऱ्याच्या गजऱ्यावर पडतोय. आणि खाली, बारीक अक्षरांत का होईना, फाइट मास्टर म्हणून मंजुनाथचं नाव.

त्या आठवड्यात फोन आला तेव्हा मास्टर अंघोळीला गेलेले नव्हते. "अक्का, मास्टरांना दे की," मंजू म्हणाला. वीणाबाईंनी फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

"माझ्या नावाचा पहिलाच सिनेमा आहे, मास्टर," तिकडून आवाज आला. "पहिल्या शोचे पास पाठवतो. या. बघा. 'बरं केलंस' एवढंच म्हणा. दुसरं काही नको मला. म्हणालात तर मी गच्चीवर येतो."

"बघू," मास्टर म्हणाले आणि फोन परत दिला. पण आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने पांढरा शर्ट इस्त्री केला, आणि कॉलरवर इस्त्री दोनदा फिरवली. वीणाबाईंनी ते पाहिलं आणि देवापुढे दिवा लावला. आता ह्यांच्या तोंडून तेवढे दोनच शब्द निघू दे रे बाबा.

सकाळचा पहिला शो. थिएटरपुढे जत्रा भरलेली. हिरोचा झाडाएवढा कटआउट, त्याच्यावर चढून पोरं दुधाच्या पिशव्या फोडतायत, खाली नारळ फुटतायत, ढोल वाजतायत. ह्या सगळ्याचा सूत्रधार यल्लाप्पा, अभिमानी संघाचा म्हणजे चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. हा गृहस्थ रिक्षा चालवायचा. रिक्षाच्या पाठीवर हिरो, आरशावर हिरो, आणि स्वतःच्या दंडावर गोंदलेला हिरो. एवढं दूध गटारात जाताना पाहून मास्टर तावातावाने कटआउटकडे निघाले. वीणाबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि आत नेलं.

सिनेमाची गोष्ट काय, तर हिरोच्या बहिणीला मारतात आणि हिरो सगळ्यांना मारतो. पण काय थाट! रेशमाच्या कारखान्यात मारामारी: वाफ चाललेली, वरून ओल्या लाल साड्या लोंबतायत, आणि त्यांच्या मधून हिरो नाचल्यासारखा फिरतोय. लाथ वर गेली की वेळ थांबते. माणूस पडतो तो साडीला लपेटून, हळूहळू, जणू कुणी अंगाई म्हणतंय. आणि प्रत्येकाला संपवण्याआधी हिरो मान तिरकी करून विचारतो, "सरी ना?" त्यावर सगळं थिएटर किंचाळतं, "सरी! सरी!" पोरं खुर्च्यांवर उभी, शिट्ट्या, कागदाचे तुकडे. एका मारामारीनंतर तर यल्लाप्पाने पडद्यापुढे कापूर लावला आणि ओरडून ओरडून तोच तुकडा पुन्हा दाखवायला लावला.

ह्या गोंधळात एक माणूस दगडासारखा बसला होता. मास्टरांना साड्या दिसत नव्हत्या की वाफ. त्यांना मुठी दिसत होत्या. मूठ जाते आणि लागते. गालाचं मांस हलतं, ओठ फाटतो, घामाचे थेंब उडतात. त्यांनी दुसऱ्यांदाही बघितलं, तोच तुकडा परत लावला तेव्हा. मूठ लागते. इतकी वर्षं ज्या डोळ्यांनी मूठ आणि नाक ह्यांमधलं अंतर मोजलं, त्या डोळ्यांना कुठेही अंतर दिसेना. सिनेमा नावाची वस्तू ह्या माणसाने तरुणपणानंतर पाहिली नव्हती. कॅमेरा कुठे ठेवला की काय दिसतं, ह्याचा त्यांना गंध नव्हता, आणि आपल्याला कुठल्या गोष्टीचा गंध नाही असं त्यांना आयुष्यात कधी वाटलंही नव्हतं.

ह्याने खरं मारायला लावलंय, त्यांनी ठरवून टाकलं. पैशासाठी गरिबांच्या पोरांची तोंडं फोडलीत. माझ्याकडे शिकून.

बाहेर आले तर दारातच भव्या नावाची एक मुलगी माइक घेऊन उभी. सिनेमा सुटला की बाहेर पडणाऱ्यांना "कसा वाटला?" विचारायचं आणि ते फोनवर सगळ्या जगाला दाखवायचं, हा तिचा धंदा. पुढची पोरं माइकमध्ये नुसती कोकलत होती. तिला एखादा वयस्कर चेहरा हवा होता. तिने माइक मास्टरांच्या तोंडापुढे धरला.

"अहो, चला," वीणाबाई म्हणाल्या. पण उशीर झाला होता.

"हे कराटे नाही," मास्टर कडाडले, "हा कसाईखाना आहे! आणि ज्याने ह्या मारामाऱ्या बसवल्यात ना, तो माझ्याच हाताखाली होता. मी सांगतो, त्याला काही येत नाही. त्याला गुरूच नव्हता, असं समजा!"

तिथून दहा पावलांवर, खांबाला टेकून, मंजुनाथ उभा होता. त्यांनी बाहेर यायची वाट बघत. वीणाबाईंना तो दिसला. मास्टरांना दिसला तेव्हा तो पाठ करून चाललेला होता.

घरी चपला काढताना वीणाबाई बोलल्या. "जन्मभर पोरांना शिकवलंत, बोटभर अलीकडे थांबायचं. तुमची जीभ थांबलीय का हो कधी?"

"खोटं बोललो का मी?"

"त्याने खरं-खोटं विचारलं होतं का तुम्हाला?"

मास्टरांनी पेपर उघडला आणि तोंडापुढे धरला.

दुपारपर्यंत ते 'कराटे अंकल' झाले होते. त्यांचं ते ओरडणं हजारो फोनांवर फिरत होतं. कुणी त्यांच्या तोंडाला कोंबड्याचा आवाज लावला, कुणी डोक्यावर तुरा काढला. खाली शिव्यांची रास. म्हातारा जळतो. दुसऱ्या हिरोचा माणूस आहे. ह्याला एकदा रेशमाच्या कारखान्यात न्या. हिरोवर टीका झाली असती तर एकवेळ चाललं असतं, पण फाइट्सवर? त्या फाइट्ससाठी तर पोरं हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघत होती. कुणाच्या तरी हाती फोन नंबर लागला. मग दिवसभर फोन वाजायचा, उचलला की पलीकडून फक्त, "सरी ना?" आणि खिदळणं. गच्चीच्या जिन्यावरच्या क्लासच्या पाटीवर कुणीतरी अंडी फोडली. मास्टरांनी पाटी स्वतः धुतली. दुसऱ्या दिवशी परत अंडी.

ह्या सगळ्यावर कळस म्हणजे, विरुद्ध हिरोचे चाहते शाल आणि म्हैसुरी फेटा घेऊन मास्टरांचा सत्कार करायला आले. "अण्णा, त्या सिनेमाची तुम्ही काय इज्जत काढलीत! आमच्यासाठी अजून एकदा बोला की," असं म्हणत फोन रोखून उभे राहिले. मास्टरांनी त्यांना शालीसकट जिन्यावरून हाकललं. झालं, आता दोन्हीकडचे शिव्या द्यायला मोकळे.

क्लासमधली पोरं गळायला लागली. पुण्याहून आलेल्या, आयटीतल्या एक बाई होत्या, सिद्धी नावाच्या. त्यांचा मुलगा क्लासला यायचा. त्या समजवायला आल्या. "सर, ॲक्च्युअली ती सगळी कोरिओग्राफी असते ना. तुम्ही एवढं पर्सनली का घेताय? एक छोटासा सॉरीचा व्हिडिओ टाका आणि विषय संपवा."

"माझे डोळे आहेत, बाई," मास्टर म्हणाले. "चष्मासुद्धा नाही."

सिद्धीताई दुसऱ्या आठवड्यापासून मुलाला पोहायला पाठवायला लागल्या.

मंजू सगळ्या मुलाखतींतून एकच गोष्ट अभिमानाने सांगत होता. माझ्या फाइट्समध्ये कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. हिरो असो की मागे पडणारा पोरगा, एकालाही टाका पडला नाही. मास्टरांविषयी विचारलं की मात्र तो विषय बदलायचा. त्याने शिवी दिली नाही, तक्रार केली नाही. वीणाबाईंनाही फोन केला नाही. मास्टर आता पाच मिनिटांत अंघोळ उरकून बाहेर यायचे आणि बायकोकडे बघायचे. ती मान हलवायची. पोरांच्या शिव्यांनी ज्यांचं काही बिघडलं नव्हतं, त्या माणसाचं जेवण ह्या मान हलवण्याने तुटलं. पण 'चुकलो' म्हणायचं? छे! चुकलोय कुठे?

रविवारी सकाळी अभिमानी संघ गच्चीवर चढला. मूठभर पोरं उरली होती क्लासला. ती कोपऱ्यात सरकली आणि संधी मिळताच जिना उतरून पळाली. यल्लाप्पा पुढे, मागे त्याचे वीसेक गडी, कुणी काळा कोट घातलेला, कुणी डोक्याला पट्टी बांधलेली.

"मास्टर, मी पण मराठी घरातला," यल्लाप्पा म्हणाला. "म्हणून शांतपणे सांगतोय. फोनपुढे हात जोडायचे, 'माफ करा' म्हणायचं. नाहीतर हा क्लास उद्या उघडणार नाही."

"तुझ्या बापाची गच्ची आहे का?"

"सरी ना?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. एका पोराने मास्टरांच्या कमरेचा काळा पट्टा मागून ओढला. मास्टर गर्रकन वळले तर दुसऱ्याने ओढला. गोल करून चालला होता तो खेळ. म्हातारा मधे, फोन चारी बाजूंनी. मास्टरांचे कान लाल झाले, छाती भात्यासारखी हलायला लागली. एकेकाला लोळवायला त्यांना वेळ लागला नसता, पण हात उचलायचा म्हणजे आयुष्यभराचं शिकवणं मोडायचं. ते मुठी आवळून उभे राहिले.

जिन्यातून वीणाबाई धावत वर आल्या, आणि त्यांच्या मागून मंजुनाथ. पळालेल्या पोरांनी सांगितल्याबरोबर वीणाबाईंनीच फोन केला होता त्याला. अगदी भीक मागितल्यासारखा फोन.

मंजूला बघून संघाने जयजयकारच सुरू केला. कितीतरी वर्षांनी तो त्या गच्चीवर पाय ठेवत होता, आणि तोही असा. त्याने हात वर केला. "यल्लाप्पण्णा, पुरे आता. म्हातारा माणूस आहे, सोडा की. खाली जाऊन थांबा, मी येतो."

गेले. एका शब्दात गेले! खाली रस्त्यावर रिक्षांपाशी त्यांचा गलका ऐकू येत राहिला.

मास्टरांना त्या गर्दीचा एवढा राग आला नव्हता, जेवढा त्या 'म्हातारा माणूस'चा आला. "मी बोलावलं नव्हतं तुला," ते म्हणाले.

"अक्काने बोलावलं." मंजू म्हणाला. "मास्टर, मी भांडायला आलो नाही. फक्त एक सांगा. तुम्हाला खरंच वाटलं की मी पोरांना मारायला लावलं?"

"मी पाहिलं. मूठ लागली."

"नाही लागली. एकदाही नाही. प्रत्येक मूठ बोटभर अलीकडे थांबलीय. हिरोला मी तेच शिकवायला चार महिने घेतले, तुमच्याच पद्धतीने, हात खाली, डोळे उघडे. कॅमेरा मारणाऱ्याच्या समोर, मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की मधलं अंतर दिसत नाही. गाल हलतो तो वेगळा शॉट; ओल्या स्पंजची मूठ असते ती."

"मला शिकवतोस?"

"दाखवतो." मंजूने आपला फोन वीणाबाईंच्या हातात दिला, त्यांना आपल्या उजव्या खांद्यामागे उभं केलं, फोन कसा धरायचा ते सांगितलं. मग मास्टरांपुढे येऊन हात खाली सोडले. "मारा. नेहमीसारखं. मग बघा अक्काच्या हातातल्या फोनमध्ये काय दिसतं ते."

आणि त्याने डोळे उघडे ठेवले.

मास्टरांनी पवित्रा घेतला. अंगात अजून तो पट्टा ओढणारा घोळका होता, 'म्हातारा माणूस' होतं, अंडी होती, न वाजलेला फोन होता, आणि समोरचा पोरगा बरोबर असू शकतो ही भीतीसुद्धा होती. सगळं अंग झोकून त्यांनी ठोसा मारला.

थांबला नाही. हात थांबला नाही की त्यांनी थांबवला नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज वीणाबाईंनी फोनमागे ऐकला.

मंजू दोन पावलं मागे गेला आणि खाली बसला. ओंजळ नाकापुढे धरली, ती भरली. तो विव्हळला नाही. त्याने वर पाहिलं ते दुखल्यासारखं नव्हतं, नवल वाटल्यासारखं होतं. वीणाबाई किंचाळल्या, त्यांनी पदर त्याच्या तोंडाला लावला.

"अरे, तू सरकला का नाहीस?" मास्टर म्हणाले. असलं बोलतं का कुणी अशा वेळी? पण तेच निघालं त्यांच्या तोंडून.

"तुमच्यापुढे कधी सरकलोय?" मंजू म्हणाला.

तो उठला, वीणाबाईंच्या हातातला फोन घेतला, त्यात घेतलेलं सगळं तिथल्या तिथे पुसून टाकलं आणि भिंत धरत जिना उतरायला लागला. मास्टर जागच्या जागी उभे होते. वीणाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा कुठे त्यांचे पाय हलले.

त्याला बघताच खाली रस्त्यावर एकच कल्ला झाला. "कुणी केलं? म्हाताऱ्याने? चला रे वर!" यल्लाप्पा जिन्याकडे झेपावला. मंजूने दारात आडवा हात लावला.

"कुणी नाही," तो म्हणाला. शब्द रक्तातून येत होते. "मास्टरांना एक स्टेप दाखवत होतो. पाय घसरला, कठड्यावर आपटलो. माझीच चूक."

पोरं थबकली. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "कुणाला खरचटलं नाही म्हणत होता ना हा? आणि हाच गच्चीवर पडला?" दुसरा म्हणाला, "शूटिंगला पण असाच घसरायचा काय?" फोन वर झाले. मघाशी ज्याचा जयजयकार केला त्याच्या मोडक्या नाकापुढे ते फोन धरून उभे राहिले, आणि मंजू तोंड न लपवता उभा राहिला. त्याच्या धंद्यात ज्या एका गोष्टीवर त्याचं नाव चालत होतं, ती गोष्ट संध्याकाळपर्यंत संपणार होती. त्याला ते माहीत होतं.

शेवटच्या पायरीवरून मास्टर हे बघत होते. ते गर्दीत घुसले. "मी मारलं!" ते ओरडले, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. "तो पडला नाही. ह्या हाताने मारलं मी. घ्या, दाखवा मला, सगळ्या जगाला दाखवा!"

यल्लाप्पाने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. पांढरे केस, घामाने भिजलेला सदरा, ओढून ओढून सैल झालेला पट्टा. तो खो खो हसायला लागला. "तुम्ही? मंजण्णाला? बस की मास्टर, अजून हौस फिटली नाही काय फोनमध्ये यायची?" सगळी गल्ली हसली. काहींनी कोंबड्याचा आवाज काढला. इतके दिवस जे लोक त्यांना खोटारडा म्हणत होते, ते आज त्यांचं खरं ऐकून पोट धरून हसत होते.

"सांग की ह्यांना," मास्टर मंजूच्या दंडाला धरून म्हणाले. "मंजू, सांग रे बाबा. बरं केलंस तू. सिनेमा बरा केलास. आता सांग ह्यांना."

मंजूने त्यांचा हात दंडावरून सोडवला. जोर न लावता. "मास्टर," तो म्हणाला, "तुम्ही वर जा."

यल्लाप्पाने रिक्षा सुरू केली. मंजू मान मागे टेकवून आत बसला आणि रिक्षा दवाखान्याकडे गेली.

मास्टर जिना चढून वर आले. वीणाबाई बादली घेऊन फरशी पुसत होत्या.

"काय म्हणाला तो?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"वर जा म्हणाला."

वीणाबाईंनी फडकं बादलीत टाकलं. "आणि तुम्ही त्याला सोडून आलात?"